झेपबहाद्दरच्या शेल्याची घडी

आमच्या गल्लीत दोन पुरुष असे आहेत, की ज्यांना बघून एका महाबलाढ्य वीराचं चित्र काढलं गेलं असं त्यांच्या त्यांच्या घरात मानतात. एक चष्मेवाले, दुसरे लॉन्ड्रीवाले. वीर मात्र एकच. म्हणजे दोघांपैकी एका घरात थापा चालू आहेत, आणि कुठल्या घरात ते काही ठरत नाही. माझ्यासारख्या बाईला म्हातारपण काढायला आणखी काय हवं?

वीराचं नाव झेपबहाद्दर. ज्यांचं बालपण अभ्यासात वाया गेलं त्यांच्यासाठी सांगते, ही चित्रकथेची पुस्तकं होती. महिन्याला एक निघायचं. रंग असे कच्चे की वाचून झाल्यावर पोरांची बोटं लाल व्हायची आणि कोणी आधी वाचलं ते आयांना लगेच कळायचं. झेपबहाद्दर या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या मारायचा. डोळ्यांवर काळा मुखवटा, पाठीवर लाल शेला. समोर काळधूर नावाचा दुष्ट, ज्याला सगळ्या शहराचा धूर करण्यापलीकडे काही उद्योग नव्हता.

आता असे वीर ढिगाने आहेत. पण झेपबहाद्दरची एक गोष्ट दुसऱ्या कोणात नव्हती. मारामारीच्या आधी तो शेला काढायचा आणि त्याची घडी घालायचा. शेला हनुवटीखाली धरायचा, एक झटका द्यायचा, दोन्ही बाजू आत घ्यायचा, मग अर्धा, मग आणखी अर्धा, आणि शेवटी त्या घडीवर तळव्याने दोनदा थोपटायचा, लेकराला झोपवावं तसं. तिथे चित्रात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: थप थप. मग ती घडी एखाद्या कठड्यावर किंवा जवळ उभ्या असलेल्या म्हातारीच्या हातात ठेवायची, आणि त्यानंतर पहिला ठोसा. तोवर काळधूर बिचारा कमरेवर हात ठेवून उभा. मध्ये हल्ला करायचा नाही, एवढी माणुसकी तेव्हाच्या दुष्टांत होती.

मोठ्यांना वाटायचं पोरांना ठोसे आवडतात. पोरं वाट बघायची थप थपची. शाळेत मारामारी व्हायची तर दोघंही आधी स्वेटर काढून घडी घालायचे, आणि घडी घालेपर्यंत निम्मा राग उतरलेला असायचा.

हे सगळं काढणारा चित्रकार आमच्याच गल्लीत राहायचा. चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्याची खोली, आणि खिडकी उघडली की समोर रस्त्यापलीकडे लॉन्ड्री. माणूस सरळ, हसरा, फक्त एक खोड. त्याला नाही म्हणता यायचं नाही. चष्मेवाल्यांनी विचारलं, "काय हो, त्या तुमच्या वीराचा चेहरा माझ्यावरून घेतलाय का?" तर म्हणाला, "हो, अगदी बरोबर ओळखलंत." लॉन्ड्रीवाल्या वहिनींनी विचारलं, "ती घडी आमच्या ह्यांची ना?" तर म्हणाला, "हो वहिनी, दुसऱ्या कोणाची असणार?" पाववाल्याने खांद्यांबद्दल विचारलं, त्यालाही हो. मी विचारलं की त्यातली ती कपटी राणी कोणावरून सुचली, तर माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्यावरूनच मावशी." तेवढं एक खरं असावं.

पुढे चित्रकार दुसऱ्या शहरात गेला आणि तिकडेच वारला. झेपबहाद्दरही बंद पडला. भांडण मागे राहिलं.

चष्मेवाल्यांचा सगळा दावा भुवयांवर. त्यांच्या भुवया नाकावर येऊन एकमेकींना भेटतात, ही गोष्ट खरी आहे. त्यांचं म्हणणं, चित्रकार रोज जिना उतरताना त्यांना बघायचा, वीराचा करारी चेहरा त्याला तिथेच मिळाला. मी एकदा म्हटलं, "पण भाऊ, झेपबहाद्दरला मुखवटा असतो. भुवया दिसल्यात कोणाला?" तर म्हणाले, "मुखवट्याच्या आत आहेत. जाणकाराला दिसतात." चष्मे विकणाऱ्याशी दिसण्या न दिसण्यावरून कोण वाद घालणार?

वहिनींकडे मात्र पूर्ण कथा तयार. एकदा म्हणे झेपबहाद्दरची गोष्ट अर्ध्या पानाने कमी पडली. छापखान्याचा माणूस दारात पानं न्यायला उभा. चित्रकाराने डोकं खाजवत खिडकीबाहेर बघितलं, तर समोर आमचे लॉन्ड्रीवाले एका चादरीची घडी घालत होते. त्याने ती हालचाल जशीच्या तशी वीराच्या हातात दिली आणि पान भरून काढलं. वाचकांना ती इतकी आवडली की पुढे दर पुस्तकात घालावी लागली. ही कथा वहिनी गिऱ्हाइकाला कपड्यांबरोबर देतात. नवं गिऱ्हाईक असेल तर सविस्तर, जुनं असेल तर आठवणीपुरती. मी म्हणते, त्या दुकानात शर्टाला एक वेळ चुणी राहून जाईल, पण गिऱ्हाईक झेपबहाद्दर ऐकल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

आणि ज्यांच्याबद्दल हे चाललेलं असतं ते लॉन्ड्रीवाले? ते टेबलाशी उभे. अंगाने काटकुळे, मान लांब, खांद्यांची हाडं शर्टातून वर आलेली. त्यांना कोणी "काय बहाद्दर!" म्हटलं की एकच उत्तर, "तो मी नव्हे." खाली मान, इस्त्री पुढे, इस्त्री मागे, वाफेचा ढग.

मला या माणसाचा एकच राग आहे. गल्लीतल्या प्रत्येकाच्या खिशात याचा हात जातो. कोणाच्या कोटात कसली चिठ्ठी निघाली, कोणाच्या कॉलरला कसला लाल डाग होता, कोणाचे शर्ट अचानक दोन मापांनी वाढले, सगळं त्यांना ठाऊक. आणि तोंडातून एक शब्द नाही. मी दुकानातल्या बाकावर अख्खी दुपार बसून काढते, गोड बोलते, आडून विचारते, तर म्हणतात, "मावशी, डाग गेला. गेलेल्या डागाचं काय बोलायचं?" गुणी माणसाचा शेजाऱ्यांना त्रास होतो तो असा.

काम मात्र असं की बघत राहावं. कपडा हातात आला की आधी तो उजेडाकडे धरायचे. मग हनुवटीखाली दाबून एकच झटका, मनगटातून. कपड्याचा असा आवाज यायचा की रस्त्यावरचं कुत्रं मान वर करायचं. बाजू आत, अर्धं, आणखी अर्धं, आणि शेवटी तळव्याने दोनदा थोपटणार. प्रत्येक कपड्याला. साधा रुमाल असला तरी. मी एकदा विचारलं, "हे थोपटता कशाला?" म्हणाले, "गरम असतो. शांत होतो." बस, एवढंच.

तर एके दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतभर पोस्टर लागलं. झेपबहाद्दरवर सिनेमा निघाला होता. मोठी कंपनी, मोठा नट, दंडावरच्या शिरा हाताच्या बोटाएवढ्या. चष्मेवाले रस्ता ओलांडून पोस्टरसमोर उभे राहिले आणि बराच वेळ नटाच्या मुखवट्याकडे बघत बसले. वहिनींनी दुकानाच्या पायरीवरूनच जाहीर केलं, "आता कळेल सगळ्यांना. घडी काही भुवयांनी घालत नाहीत."

"घडी कोणीही घालतं, वहिनी," चष्मेवाले पलीकडून म्हणाले. "चेहरा लागतो, चेहरा."

"म्हणूनच तोंडावर मुखवटा चढवून फिरतो ना तो?"

हे झाल्यावर मी बाकावर जाऊन बसले नसते तरच नवल. वहिनी मागच्या खोलीत गठ्ठे बांधायला गेल्या होत्या. लॉन्ड्रीवाले एका पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर पाण्याचा फवारा मारत होते.

"काय बहाद्दर, आता पडद्यावर येणार तुम्ही," मी म्हटलं.

"तो मी नव्हे, मावशी."

"हे तुम्ही वहिनींसमोर म्हणता ते ठीक आहे. लाज वाटते तुम्हाला, कळतं आम्हाला. आता त्या आत आहेत. खरं सांगा."

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. इतक्या वर्षांत मी त्यांना काम अर्धवट सोडून बोलताना बघितलं नव्हतं, म्हणून मी सरसावून बसले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मला खरंच माहीत नाही. तो चित्रकार सगळ्यांना हो म्हणायचा. मी कधी विचारलंच नाही त्याला. विचारलं असतं तर मलाही हो म्हणाला असता, मग त्या होचं करायचं काय? हिने पुस्तकं जपून ठेवलीत, ती मी पुष्कळदा बघितली. पण कागदावर तो हलत नाही, मावशी. एका चौकटीत हनुवटी, पुढच्या चौकटीत अर्धी घडी. मधलं आपण मनाने भरायचं. मी भरणार ते माझंच भरणार ना? आणि स्वतःला घडी घालताना कोण बघतं? आपली मान तर खाली असते."

"मग?"

"पडद्यावर तो हलेल. चित्रकाराच्या हातचं बघूनच करतील ना ते? हात हलले की ते माझे का दुसऱ्याचे, हे मला कळेल. कपड्यात हात गेला की कोणाचा ते लपत नाही."

"आणि दुसऱ्याचे निघाले तर?"

ते आतल्या दाराकडे बघून हळूच म्हणाले, "तर हिला सांगेन, आता पुरे कर. एवढी वर्षं लोकांना सांगत आलीय. उद्या कोणी तोंडावर खोटी म्हटलं तर मला चालायचं नाही."

"आणि तुमचेच निघाले तर?"

त्यांनी शर्ट उचलला आणि कॉलरपासून सुरुवात केली. पण मी पाठीमागून पाहिलं, त्यांचे कान लाल झाले होते. तेव्हा मला कळलं, की या घरात झेपबहाद्दर व्हायची हौस वहिनींना आहे असं आम्ही समजत होतो ते साफ चूक होतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारच्या खेळाला गल्ली लोटली. लॉन्ड्रीचं शटर खाली आलेलं पाहून दोघांनी तर चौकशी केली, कोणी गेलं का म्हणून. लॉन्ड्रीवाल्यांनी फिकट निळा शर्ट घातला होता. त्याला अशी इस्त्री, की बसताना त्यांनाच वाईट वाटत असावं. वहिनींनी ठेवणीतले कानातले घातले होते. चष्मेवाले भुवया विंचरून आले होते. विंचरलेल्या भुवया मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बघितल्या.

थिएटर गच्च भरलेलं. पोरं कमी, बाप्ये जास्त. पोट सुटलेले, टक्कल पडलेले, काहींच्या पाठीवर लाल टॉवेल. आपापल्या बायकांना समजावत होते, "तू बघच आता." आणि त्या बायकांच्या चेहऱ्यावर जे होतं ते शब्दांत मांडण्यासारखं नाही. मी वहिनींच्या डाव्या बाजूला, लॉन्ड्रीवाले उजव्या. चष्मेवाले मुद्दाम पुढच्या रांगेत.

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला.

आता मी सिनेमांची फार पारख असलेली बाई नाही. मला एवढंच कळतं, की सिनेमा चांगला असला की शेजारचा माणूस काय खातोय ते दिसत नाही. त्या दिवशी मला सगळ्या रांगेचं खाणं दिसलं. पहिला तासभर झेपबहाद्दर नुसता दुःखी. आधी लहानपणी दुःखी, मग मोठा होऊन दुःखी, मग गच्चीवर बसून दुःखी. झेप म्हणून नाही. नायिकेला बिचारीला एकच काम, मान वळवून वर बघणं. काळधूर आला तो बसून भाषण करायला लागला, त्याच्याही लहानपणाबद्दल. मग इमारती पडू लागल्या. एक पडली, दहा पडल्या, शहरात पडण्याजोगं काही शिल्लक राहिलं नाही आणि आमच्यापैकी कोणाला त्याचं काही वाटलं नाही. डोंगर पोखरून उंदीर निघाला, आणि तो उंदीरही संगणकावर काढलेला.

लॉन्ड्रीवाले पहिल्यापासून फक्त शेल्याकडे बघत होते. थोड्या वेळाने वहिनींना म्हणाले, "हे कापड नाही."

"मग काय आहे?"

"कोण जाणे. पावसात भिजला, आगीतून आला, एक चुणी पडली नाही. आणि वारा नसताना फडफडतोय."

"मोठ्या माणसाचा आहे, भारी असेल," वहिनी म्हणाल्या. पण आवाज जरा बसला होता.

मध्यंतरात चष्मेवाले आमच्याजवळ आले. चेहरा उतरलेला. "बघितलंत?" म्हणाले. "मुखवटा काढल्यावर बघितलंत? त्या नटाच्या भुवया कोरलेल्या आहेत. दोऱ्याएवढ्या."

इतर कुठला दिवस असता तर वहिनींनी त्यांना सोडलं नसतं. त्या दिवशी नुसतं म्हणाल्या, "बसा भाऊ. अजून घडी यायचीय."

आणि ती वेळ आली. सगळ्यात शेवटची मारामारी, उंच गच्ची, समोर काळधूर. झेपबहाद्दरने हात मागे नेला आणि शेल्याचं टोक धरलं. सांगते तुम्हाला, कुरकुर वाजणारी पाकिटं थांबली. माझ्या पुढच्या टकलू गृहस्थाने बायकोचा दंड धरला. लॉन्ड्रीवाले खुर्चीत पुढे सरकले आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले, कोणीतरी त्यांत कपडा देणार असल्यासारखे.

झेपबहाद्दरने शेला टरकन फाडला आणि भिरकावून दिला.

शेला हवेत पेटला. तो का पेटला ते मला आजपर्यंत कोणी सांगू शकलेलं नाही. मग तो ओरडत काळधूरवर धावून गेला आणि पडद्यावर गडगडाट सुरू झाला.

 मग मागून कुठून तरी, एका जाड, मोठ्या माणसाचा अगदी पोरासारखा आवाज आला, "अरे, घडी?"

कोणी हसलं नाही. डावीकडून एक बाई म्हणाली, "घडी कुठेय?" मग उजवीकडून. मग वरून. "घडी घाल रे." "घडी घाल आधी." पडद्यावर दोघं एकमेकांना इमारतींवर आपटत होते, आणि खाली शेकडो माणसं त्यांना कपड्याची घडी घालायला सांगत होती. मग कोणीतरी दोन टाळ्या दिल्या. थप थप. थांबला. पुन्हा थप थप. दुसऱ्याने उचललं, रांगेने उचललं, आणि बघता बघता सगळं थिएटर एका तालात, थप थप, थांबायचं, थप थप. खुर्च्यांच्या हातांवर, गुडघ्यांवर, पुढच्याच्या पाठीवर. सिनेमाचा गडगडाट त्यात बुडून गेला. मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या ऐकल्यात, पण न झालेल्या गोष्टीसाठी पडलेल्या टाळ्या त्या एकच.

वहिनी रडत होत्या आणि टाळ्या देत होत्या, दोन्ही एकदम. मीही देत होते. चष्मेवाले पुढच्या रांगेत देत होते. फक्त लॉन्ड्रीवाले नाही. त्यांचे हात मांडीवर तसेच उताणे, रिकामे.

ते वहिनींच्या पुढून माझ्याकडे वाकले. "मावशी," म्हणाले, "घातलीच नाही."

"नाही घातली."

"मग आता मला कळायचं कसं?"

 

सिनेमा संपला तेव्हा कोणाला घरी जायचं नव्हतं. लग्नात जेवण बिघडलं की माणसं कशी मांडवातच घोळक्याने बोलत राहतात, तसं सगळे बाहेरच्या मोठ्या दालनात थांबले. कोणी कंपनीला शिव्या देत होतं, कोणी नटाला. आमच्याजवळच एक धिप्पाड गृहस्थ उभे होते, बस चालवणारे असावेत, अंगात तसलं जाड जॅकेट होतं. आवाजावरून मी ओळखलं, "अरे, घडी?" म्हणणारे ते हेच. ते बायकोची समजूत घालत होते.

"तुला काय वाटलं, मी एवढ्याशा गोष्टीसाठी चिडलो? अगं, तीच तर गोष्ट होती. हे बघ." आणि त्यांनी जॅकेट काढलं, हनुवटीखाली दाबलं, झटका दिला, बाजू आत घेतल्या.

"तसं नाही हो," बाजूच्या एक बाई म्हणाल्या. "आधी डावी बाजू." त्यांनी आपली ओढणी काढली आणि करून दाखवली. "आम्ही बहिणी रोज खेळायचो. मी झेपबहाद्दर, ती काळधूर."

"डावीच आधी," तिसरा म्हणाला आणि त्याने पाठीवरचा लाल टॉवेल सोडला. मग चौथा, पाचवा. पाहता पाहता त्या दालनात जिकडे तिकडे माणसं हनुवटीखाली कपडे दाबून उभी. स्वेटर, कोट, मफलर, एका आजोबांनी तर हातरुमाल घेतला होता. झटका, बाजू आत, अर्धं, आणखी अर्धं. आणि शेवटी सगळ्यांचे तळवे, थप थप.

मी लॉन्ड्रीवाल्यांकडे पाहिलं. ते भिंतीशी उभे होते आणि बघत होते. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. वर्षानुवर्षं कागदावर थिजलेली ती घडी त्यांच्या डोळ्यांसमोर हलत होती, अनोळखी हातांत, आणि कोणालाच ती कोणी शिकवलेली नव्हती. सगळ्यांनी पुस्तकातून उचललेली. मान किती वाकवायची तेसुद्धा तेच. हे बघता बघता त्यांचा स्वतःचा हात मांडीपाशी हलकेच फिरायला लागला. डावी बाजू आत, अर्धं, समोरच्यांच्या अगदी बरोबरीने.

वहिनींनी मला कोपराने ढोसलं. त्यांनाही दिसलं होतं.

लॉन्ड्रीवाले पुढे गेले. बसवाल्या गृहस्थांना म्हणाले, "झटका खांद्यातून देताय. तो मनगटातून यायला हवा. द्या इकडे."

त्यांनी जॅकेट घेतलं. आधी उजेडाकडे धरलं. मग हनुवटीखाली, आणि झटका असा की त्या गोंगाटातही लोकांनी वळून बघितलं. डावी बाजू, उजवी बाजू, अर्धं, आणखी अर्धं. एवढं जाड बेढब जॅकेट, त्याचं पुस्तकासारखं चौकोनी झालं. दोनदा थोपटलं आणि दोन्ही हातांवर ठेवून परत दिलं.

 बसवाले गृहस्थ त्या घडीकडे बघत राहिले, मग या काटकुळ्या माणसाकडे.

"काका," ते म्हणाले, "तुम्ही तर अगदी त्याच्यासारखी घालता."

"त्याच्यासारखी मी नाही," लॉन्ड्रीवाले म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण खाली मानेचाही नव्हता. "तो घालतो माझ्यासारखी. मी लॉन्ड्रीवाला आहे. चित्रकार आमच्या समोर राहायचा."

वहिनींकडे मी पाहिलं. हे वाक्य ऐकायला त्या किती वर्षं थांबल्या होत्या ते सगळ्या गल्लीला ठाऊक. मला वाटलं आता ही बाई सगळ्या दालनाला उभं करून छापखान्याच्या माणसापासून कथा सांगणार. तर त्या नुसत्या मान हलवत राहिल्या, हो हो हो म्हणून.

लोकांनी मात्र त्यांची वाट बघितली नाही. ओढणीवाल्या बाईंनी ओढणी पुढे केली, "माझी घाला ना." लाल टॉवेलवाला म्हणाला, "काका, माझी." आजोबांनी हातरुमाल पुढे केला. धक्काबुक्की व्हायला लागली तशा वहिनी भानावर आल्या. पदर खोचून मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एकेक. रांगेत या. आणि खिसे रिकामे करून द्या, आम्ही खिशातल्या वस्तूंना जबाबदार नाही."

रांग लागली. खरीखुरी, दारापर्यंत. लॉन्ड्रीवाले टेबल नाही, इस्त्री नाही, काही नाही, उभ्या उभ्या घड्या घालत होते आणि प्रत्येकाला विचारत होते, "कापड गरम पाण्यात टाकत नाही ना?" थिएटरचा रखवालदार पुढचा खेळ आहे म्हणून सगळ्यांना हटवायला आला, थोडा वेळ बघत राहिला, मग स्वतःची टोपी काढून म्हणाला, "याची होते का?"

"टोपीची होत नाही," लॉन्ड्रीवाले म्हणाले. "शर्ट आणा उद्या."

मी बाजूला उभी राहून बघत होते आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते, आमच्या गल्लीतले आहेत म्हणून. कोणी विचारलं नव्हतं. पण अशा वेळी विचारायची वाट बघायची नसते.

रांगेच्या अगदी शेवटी चष्मेवाले उभे होते. त्यांनी कोट काढला होता आणि हातावर घेतला होता. विंचरलेल्या भुवया आता घामाने चिकटल्या होत्या. पाळी आली तेव्हा त्यांनी नुसता कोट पुढे केला. वहिनींनी तोंड उघडलं. मीही उघडलं, खोटं कशाला बोलू. पण लॉन्ड्रीवाल्यांनी हात वर करून आम्हा दोघींना थांबवलं.

त्यांनी कोट उजेडाकडे धरला आणि अस्तरापासून बाहीपर्यंत नीट बघितला.

"भाऊ," म्हणाले, "चेहऱ्याचं मला सांगता येणार नाही. तो तुमचा असेलही. पण या बाहीला वंगणाचा डाग आहे, घडी घातली तर दुसऱ्या बाजूला लागेल. अंगात घाला आणि उद्या दुकानात घेऊन या."